सातशे सहापैकी किती?

आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात रोज संध्याकाळी सात ते नऊ मुलांची अभ्यासिका भरते. आम्ही दोघे-तिघे कामावरून आल्यावर तिथे जाऊन बसतो. शिकवतो असे म्हणणे जास्त होईल. मुलांबरोबर धडा वाचतो, अडले तर मिळून सोडवतो, इतकेच. मध्यंतरी दहावीच्या मुलांचा ‘संभाव्यता’ हा धडा निघाला. नाणे उडवले तर छापा पडण्याची संभाव्यता किती, फासा टाकला तर सम आकडा येण्याची किती, पत्त्यांच्या कॅटमधून राजा निघण्याची किती. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी एका मुलीने वही मिटली आणि सरळ विचारले, “दादा, घरी पत्ते हातात घेतले की आई ओरडते, आणि इथे पत्त्यांवर मार्क आहेत. हे शिकून करायचे काय?”

मुलीचे म्हणणे खोटे नव्हते. गोरगरिबांच्या मुलांना गणित नकोसे होते त्याचे अर्धे कारण हेच आहे, की त्या गणितात त्यांना कुणी ओळखीचे भेटत नाही. म्हणून चौथ्या दिवशी आम्ही फळ्यावरची नाणी पुसली आणि एका जहाजाचे कोष्टक मांडले. जहाज ‘टायटॅनिक’. त्याच्यावरचा १९९७ सालचा इंग्रजी चित्रपट बऱ्याच घरांत टीव्हीवर पाहिलेला असतो, त्यामुळे मुले लगेच सरसावून बसली.

हे जहाज इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन बंदरातून न्यूयॉर्कला निघाले होते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ते हिमनगावर आदळले आणि पहाटे २ वाजून २० मिनिटांनी बुडाले. १४ एप्रिल ही तारीख आपल्या घरांत कुणाला सांगावी लागत नाही. त्या दिवशी बाबासाहेबांना एकवीस वर्षे पूर्ण झाली होती, आणि पुढच्याच वर्षी, १९१३ साली, तेही जहाजाने न्यूयॉर्कला शिकायला गेले.

टायटॅनिकवर प्रवाशांचे तीन वर्ग होते. पहिल्या वर्गात लक्षाधीश, दुसऱ्यात मास्तर, पाद्री, दुकानदार अशी मंडळी. तिसऱ्या वर्गात आयर्लंड, स्वीडन, फिनलंड, सीरिया अशा ठिकाणची कष्टकरी माणसे, अमेरिकेत कामधंदा मिळेल म्हणून बिऱ्हाड बांधून निघालेली. आपल्याकडच्या रेल्वेतही १९७४ पर्यंत थर्ड क्लास होता. डबा गेला, पण ‘थर्ड क्लास’ ही शिवी मात्र राहिली! जहाजावर या तिन्ही वर्गांखेरीज खलाशी, कोळसा ओढणारे, आचारी, वाढपी असे ८८५ कामगार होते.

बुडण्याची चौकशी इंग्लंडमध्ये लॉर्ड मर्सी यांच्या अध्यक्षतेखाली झाली. त्यांच्या १९१२ च्या अहवालात कोण किती होते आणि किती वाचले याचे आकडे छापलेले आहेत. नंतरच्या संशोधकांनी यांतले काही आकडे एक-दोनाने इकडेतिकडे केले आहेत, पण आम्ही अहवालातलेच घेतले. फळ्यावर मांडले ते असे :

पहिला वर्ग : वाचले २०३, दगावले १२२, एकूण ३२५
दुसरा वर्ग : वाचले ११८, दगावले १६७, एकूण २८५
तिसरा वर्ग : वाचले १७८, दगावले ५२८, एकूण ७०६
जहाजावरचे कामगार : वाचले २१२, दगावले ६७३, एकूण ८८५
सगळे मिळून : वाचले ७११, दगावले १,४९०, एकूण २,२०१

हे कोष्टक दोन बाजूंनी वाचायचे असते. आडवे वाचले तर एकेका वर्गाचे काय झाले ते कळते. उभे वाचले तर वाचलेल्यांत कोण होते आणि दगावलेल्यांत कोण होते ते कळते. कडेच्या आणि तळाच्या बेरजा जुळल्या म्हणजे कोष्टक बरोबर उतरले. मुलांनी बेरजा करून पाहिल्या, जुळल्या.

इतक्यात त्या मुलीची आई तिला न्यायला आली. चार घरची कामे आटपून आलेली बाई, दाराशीच उभी राहून फळा वाचू लागली. सातवीपर्यंत शिकलेली आहे. आकडे पाहून म्हणाली, “दुसऱ्या वर्गातले एकशे अठरा वाचले आणि तिसऱ्यातले एकशे अठ्ठ्याहत्तर. मग गरिबांचेच जास्त वाचले की, दादा!”

मुले हसू लागली, पण आम्ही त्यांना गप्प केले, कारण ही चूक शिकलीसवरलेली माणसेही रोज करतात, आणि काही जण तर मुद्दाम करतात. आम्ही म्हटले, “ताई, एका शाळेतून दोनशे मुले परीक्षेला बसली आणि पन्नास पास झाली. दुसऱ्या शाळेतून वीसच बसली आणि पंधरा पास झाली. पोरीला कुठल्या शाळेत घालाल?”

“पंधरावाल्या.”

“का? पन्नास तर जास्त आहेत.”

त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “बसली किती, ते बघायचे असते होय!” आणि आत येऊन सतरंजीवर बसल्या.

संभाव्यतेचे अर्धे गणित त्यांच्या या एका वाक्यात आले. अपूर्णांकात वरचा आकडा सगळ्यांना दिसतो, कारण तो ओरडून सांगितला जातो. खालचा आकडा, म्हणजे छेद, तो कुणी सांगत नाही. तो आपण विचारून घ्यावा लागतो. दुसऱ्या वर्गात २८५ पैकी ११८, म्हणजे शंभरातले ४१ वाचले. तिसऱ्यात ७०६ पैकी १७८, म्हणजे शंभरातले २५. पहिल्या वर्गात ३२५ पैकी २०३, शंभरातले ६२.

आता यातून संभाव्यता कशी निघते ते पाहू. समजा, जहाजावरच्या प्रत्येक माणसाच्या नावाची एक चिठ्ठी केली आणि २,२०१ चिठ्ठ्या एका माठात टाकल्या. डोळे मिटून एक काढली. ती वाचलेल्या माणसाची असण्याची संभाव्यता किती? वाचलेले ७११, सगळे २,२०१. भागाकार केला की ०.३२ येते, म्हणजे शंभरात ३२. चिठ्ठी तिसऱ्या वर्गातल्या माणसाची असण्याची संभाव्यता ७०६ भागिले २,२०१, तीही ०.३२ च्या आसपास. आणि चिठ्ठी तिसऱ्या वर्गातल्या ‘आणि’ वाचलेल्या माणसाची असण्याची? अशी माणसे फक्त १७८, माठातल्या चिठ्ठ्या मात्र २,२०१. म्हणजे ०.०८, शंभरात आठ.

इथे मुलांचा गोंधळ झाला. “मघाशी पंचवीस म्हणालात, आता आठ म्हणता!” दोन्ही बरोबर आहेत, कारण प्रश्न दोन आहेत. आठ आले तेव्हा माठात सगळ्या जहाजाच्या चिठ्ठ्या होत्या. पंचवीस आले तेव्हा आपण आधीच तिसऱ्या वर्गाच्या ७०६ चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या होत्या आणि त्यांतली एक उचलली होती. माठ बदलला की उत्तर बदलते. आणि माठ कुठला ते वाक्यातला ‘पैकी’ हा शब्द सांगतो. ‘पैकी’च्या आधी जो आकडा येतो तोच खाली लिहायचा.

हे पक्के व्हावे म्हणून आम्ही पहिला वर्ग घेतला. पहिल्या वर्गातल्या माणसांपैकी वाचले किती? २०३ भागिले ३२५, शंभरात ६२. वाचलेल्या माणसांपैकी पहिल्या वर्गातले किती? वरचा आकडा तोच, २०३. पण खाली आता ७११ आले. उत्तर शंभरात २८ किंवा २९. वरून पाहिले तर दोन्ही वाक्ये सारखीच वाटतात. पहिल्या वाक्याने श्रीमंताला जीव वाचण्याची किती संधी होती ते कळते. दुसऱ्याने वाचलेल्यांच्या गर्दीत श्रीमंत किती होते ते कळते. पहिल्याच्या जागी दुसरे ठेवले की ६२ चे २८ होतात आणि अन्याय अर्ध्यावर आला असे वाटू लागते.

याच्याहून वाईट उदाहरण कामगारांचे आहे. वाचलेल्या ७११ जणांत सर्वांत मोठा गट कुणाचा? जहाजावरच्या कामगारांचा, २१२. पहिल्या वर्गाच्या २०३ पेक्षाही जास्त. एखादा वर्तमानपत्रवाला सहज मथळा देईल, ‘प्रवाशांना सोडून नोकरांनीच जीव वाचवले!’ आकडा खोटा नाही, मथळा मात्र खोटा आहे. कारण कामगार होतेच ८८५. त्यांतले वाचले शंभरात २४, म्हणजे चारही गटांत सर्वांत कमी. अवांतर सांगायचे तर, जहाज बुडाले त्या क्षणापासून या कामगारांचा पगार बंद झाला. त्या वेळचा कायदाच तसा होता.

मुलीच्या आईने पुढचा प्रश्न विचारला. “वर्ग नसते तर किती वाचले असते?” हा प्रश्न पुस्तकात जरा पुढच्या इयत्तांत येतो, पण उत्तर सोपे आहे. सगळ्या जहाजाचे शंभरात ३२ वाचले. वर्गाने काही फरक पडलाच नसता तर प्रत्येक गटातले साधारण तेवढेच वाचले असते. तिसऱ्या वर्गाचे ७०६ गुणिले ७११ भागिले २,२०१, म्हणजे २२८. प्रत्यक्षात १७८. पन्नास माणसे कमी. याच हिशेबाने पहिल्या वर्गाचे १०५ वाचायला हवे होते, वाचले २०३, म्हणजे जवळजवळ दुप्पट. दुसऱ्या वर्गाचे ९२ च्या जागी ११८. कामगारांचे २८६ च्या जागी २१२. जहाजावर २० होड्या होत्या आणि त्यांत कागदावर १,१७८ माणसे मावत होती. जागा मुळातच कमी, त्यात वाचले ७११. म्हणजे ४६७ जागांचा उपयोगच झाला नाही. ४० माणसांची एक होडी तर १२ माणसे घेऊन निघून गेली.

‘किंवा’चे गणितही उरकून घेतले. चिठ्ठी पहिल्या वर्गातल्या ‘किंवा’ वाचलेल्या माणसाची असण्याची संभाव्यता किती? मुलांनी ३२५ आणि ७११ मिळवून १,०३६ केले. पण पहिल्या वर्गातले वाचलेले २०३ जण दोन्हीकडे मोजले गेले. ते एकदा वजा केले की ८३३ उरतात. शिधा वाटताना एकाच घराचे नाव दोनदा लागले तर आपण एक खोडतो, तसेच हे.

आता आमच्यातलाच एक जण, बँकेत काम करणारा, मुद्दाम उलट बाजूने बोलू लागला. तो म्हणाला, “तिसऱ्या वर्गात पुरुषच जास्त होते. त्या रात्री आधी बायका-मुले होडीत बसवायची असा हुकूम होता. म्हणून तिसऱ्या वर्गाचे कमी वाचले. यात वर्गाचा काय संबंध?” मुद्दा बिनतोड वाटतो. पहिल्या वर्गात प्रौढ पुरुष शंभरात ५४ होते, तिसऱ्यात ६५, हेही खरे. अशा वेळी चिडून उपयोग नसतो. कोष्टक आणखी फोडायचे. फक्त बायका घ्यायच्या, फक्त मुले घ्यायची, आणि मग वर्गावर्गांची तुलना करायची. म्हणजे पुरुष जास्त असल्याची सबब उरत नाही.

बायका : पहिल्या वर्गात १४४ पैकी १४० वाचल्या, दुसऱ्यात ९३ पैकी ८०, तिसऱ्यात १६५ पैकी ७६.
मुले : पहिल्या वर्गात ६ पैकी ६ वाचली, दुसऱ्यात २४ पैकी २४, तिसऱ्यात ७९ पैकी २७.
पुरुष : पहिल्या वर्गात १७५ पैकी ५७ वाचले, दुसऱ्यात १६८ पैकी १४, तिसऱ्यात ४६२ पैकी ७५.

बाईच बाई, पण पहिल्या वर्गातली शंभरात ९७ वाचली आणि तिसऱ्या वर्गातली ४६. मुलांचा आकडा लिहिताना खोली शांत झाली. ३० मुले वरच्या दोन वर्गांत होती, अहवालाप्रमाणे तीसच्या तीस वाचली. तिसऱ्या वर्गातल्या ७९ मुलांपैकी ५२ बुडाली. तिसऱ्या वर्गातल्या लेकराला वाचण्याची संधी शंभरात ३४, आणि पहिल्या वर्गातल्या धडधाकट पुरुषाला शंभरात ३३. ‘आधी बायका-मुले’ हा हुकूम खालच्या मजल्यापर्यंत पोचला तो एवढाच. बँकवाल्या मित्राने हात जोडले.

पण जे आपल्या बाजूचे नाही तेही लपवू नये. पुरुषांची ओळ पाहा. दुसऱ्या वर्गातले पुरुष शंभरात आठच वाचले, तिसऱ्यातले सोळा. म्हणजे पुरुषांच्या बाबतीत तिसऱ्या वर्गाची स्थिती दुसऱ्यापेक्षा बरी होती. ‘सगळीकडे वरचा वर्ग पुढे’ असे भाषण ठोकायला हे कोष्टक परवानगी देत नाही. जिथे देते तिथे मात्र कुणाच्या बापाला खोडता येणार नाही.

का झाले, ते मात्र कोष्टक सांगत नाही. ते फरक दाखवते, कारण आपल्याला दुसरीकडे शोधावे लागते. तिसऱ्या वर्गाच्या खोल्या जहाजाच्या दोन टोकांना, खालच्या मजल्यांवर होत्या. एकट्या पुरुषांना पुढच्या टोकाला, बायका आणि कुटुंबांना मागच्या टोकाला जागा दिलेली. अमेरिकेच्या कायद्यामुळे त्यांना वरच्या वर्गांपासून वेगळे ठेवलेले असे. होड्या सगळ्यांत वरच्या डेकवर, आणि तिथे जायची वाट त्यांना ठाऊक नव्हती. अनेकांना इंग्रजी समजत नव्हते. जॉन हार्ट नावाच्या एका जहाजसेवकाने बायका-मुलांच्या दोन तुकड्या स्वतः वाट दाखवत वर नेल्या, हे त्याच्या साक्षीत नोंदले आहे.

लॉर्ड मर्सींनी अहवालात मान्य केले की तिसऱ्या वर्गाचे प्रमाण पहिल्यापेक्षा फारच कमी आहे. पण कारणे काय दिली? खोल्या टोकांना असल्याने त्यांना वर आणणे अवघड होते, हे एक. बाकीची अशी, की ती माणसे जहाज सोडायला तयार नव्हती आणि सामानसुमान सोडवत नव्हते. त्यांना अन्यायाने वागवले गेले नाही, असा निष्कर्ष. आणि तिसऱ्या वर्गातल्या एकाही प्रवाशाला त्या चौकशीत साक्षीला बोलावले नव्हते. ज्याचे अख्खे घर एका पेटीत आहे त्याला ती पेटी का सोडवत नाही, हे त्या दालनात कोण सांगणार? आकडे मात्र त्याच अहवालात छापले गेले, म्हणून आज आपण ते पडताळू शकतो.

त्या रात्री अभ्यासिका दहापर्यंत चालली. निघताना मुलीच्या आईने पिशवीतून घडी केलेला एक रंगीत कागद काढला. एका खाजगी शिकवणीची जाहिरात होती. ‘आमचे ६० विद्यार्थी ८५ टक्क्यांच्या वर’ असे मोठ्या अक्षरात, आणि खाली फोटो. फी इतकी की त्यांनी बचत गटातून कर्ज काढायचे ठरवले होते. आम्ही काहीच बोललो नाही. त्यांनीच विचारले, “साठ, पण कितीपैकी?”

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटून त्या तिथे गेल्या आणि टेबलामागच्या माणसाला हेच विचारले. तो म्हणाला, तसा आकडा काढलेला नाही. शेजारच्या शाखेतले ६० आहेत की सगळ्या शाखांचे मिळून, हेही त्याला सांगता आले नाही. बचत गटाचा अर्ज अजून त्यांच्या डब्यातच आहे. मुलगी रोज अभ्यासिकेत येते.

मुलांना घरी करायला एक उदाहरण देतो, आईवडिलांनी बरोबर बसावे. जहाजावरच्या ८८५ कामगारांत ८६२ पुरुष होते, त्यांतले १९२ वाचले. २३ बायका होत्या, त्यांतल्या २० वाचल्या. एक : कामगार बायकांपैकी शंभरात किती वाचल्या? दोन : वाचलेल्या कामगारांपैकी शंभरात बायका किती? तीन : या दोन उत्तरांत एवढे अंतर का, ते एका वाक्यात लिहा.

पहिल्याचे उत्तर ८७, दुसऱ्याचे ९. तिसऱ्याचे वाक्य मुलांनी स्वतः लिहायचे.